कॅमेऱ्यासमोर भांडताच येईना

मंडळी, आज पोलादपूरहून कुडपणला येताना आम्ही तिघं भावंडं एका वळणावरही गप्प नव्हतो. जीप दादाची, म्हणून गाणी दादाची. मला घाट लागतो, म्हणून खिडकी माझी. धाकटा विजू मध्ये चेपलेला, कारण चाळिशी आली तरी तो धाकटाच.

गावाच्या अलीकडे एका नव्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट एकत्र प्रवासाला निघालेल्या भावंडांची. नट पोचले नव्हते आणि ऊन उतरत होतं. आमच्या जीपमधली तीन डोकी बघून दिग्दर्शक म्हणाले, "लांबून शॉट घेतो. आवाज घेणार नाही. फक्त भांडत भांडत जा."

विजूने लगेच आईला फोन लावला, आम्ही पडद्यावर येतोय म्हणून.

तयारी तर जन्मभराची होती. पण कॅमेरा दिसला आणि दादा म्हणाला, "सुमे, नीट बसलीस ना गो?" विजूला दादाचं गाणं आवडायला लागलं. मी चक्क त्याला खिडकी देऊ केली.

तीनदा जाऊन आलो. शेवटी दिग्दर्शकांनी हात जोडले. "राहू द्या. तुम्ही भावंडं वाटतच नाही."

वळण ओलांडलं आणि दादा कडाडला, "खिडकी कशाला देत होतीस? तुज्यामुळं सिनेमा गेला. आता आईला काय सांगायचं हाय?" मी म्हटलं, तू आधी गोड बोललास. कुडपण येईपर्यंत विजूने दोघांना पुरून उरेल इतकं ऐकवलं.

तुमच्याकडे चारचौघांत आधी कोण गोड होतं?

सिनेमा आला की बघाच. त्यातली भावंडं एकमेकांना खिडकी देताना दिसली, तर समजा, त्यांनाही कॅमेरा दिसतोय.