शिक्षेआधीचा प्रश्न

आज बँकेत फिनाइलचा वास आला आणि मला अमरावतीचं कोर्ट आठवलं. माझ्या धाकट्या भावाच्या, प्रमोदच्या खिशात गांजा सापडला होता. त्यानं गुन्हा कबूल केला. गांजा थोडाच होता, त्यामुळे दंडावर सुटेल, असं वकील म्हणाले होते.

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी त्याला विचारलं. मागून आमची आई उठली.

"साहेब, त्याले घरी नोका पाठवू. घरी आला का पुन्हा तेच करते. दवाखान्यात ठेवा."

न्यायाधीशांनी विचारल्यावर प्रमोदनं उपचारांना कशीबशी मान हलवली.

तेव्हा आई मला निर्दयी वाटली. आता माझा मुलगा त्याच वयाचा आहे, आणि भरल्या कोर्टात तसं उठणं मला जमेल का, कोण जाणे.

प्रमोद बरा झाला. पण दवाखान्यात असेपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. ती रोज डबा न्यायची. डबा रिकामा परत यायचा, तेवढं तिला पुरायचं.