पहिली फेरी

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. या कामाने त्याचा स्वभाव असा झाला, की असा स्वभाव होता म्हणून तो या कामात शिरला, हे मला अजून कळलेलं नाही. घरात आम्ही त्याला तपासनीस म्हणतो. बाहेर पडताना तो कुलूप लावतो, ओढून बघतो, चार पायऱ्या उतरतो आणि परत वर जाऊन पुन्हा ओढतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी त्याच्या खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे त्याच्या चपलांचं हे वर-खाली मला रोज सकाळी फुकटात ऐकायला मिळतं.

त्याच्या कामाचे दोन नियम आहेत आणि ते आम्हा सगळ्यांना पाठ आहेत. पहिला नियम पाटीचा. काम सुरू करायच्या आधी मुख्य स्विच बंद करायचा आणि त्यावर लाल पाटी टांगायची, 'काम चालू आहे. हात लावू नये.' ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, मग मालक येऊन डोकं आपटो. दुसरा नियम पहिल्या फेरीचा. लिफ्ट दुरुस्त झाली की तळापासून गच्चीपर्यंत आणि परत, अशी एक फेरी तो एकटा मारतो. बाहेर लोक पिशव्या घेऊन ताटकळत असतात, मनातल्या मनात त्याचा उद्धार करत असतात. हा शांतपणे खाली येतो, दार उघडतो आणि म्हणतो, "या, चालतेय."

वहिनी कापडाच्या दुकानात विक्रीला असते. चाळीस ठाणं उलगडून दाखवल्यावर "बघून सांगते" म्हणणारी गिऱ्हाइकं ती रोज सोसते, म्हणूनच दादाबरोबर तिचा संसार सुखाचा चाललाय असं माझं मत आहे. त्यांची मुलगी साडेचार वर्षांची. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती बरोबर तिथे पोचते, म्हणून तिचं नाव मुंगी.

तर या मुंगीचे सात दात किडले. त्या सात दातांना आम्हा सगळ्यांचे हात लागलेले आहेत. झोपताना गोड दुधाची बाटली तोंडात द्यायची सवय दादाची, कारण बाटलीशिवाय मुंगी झोपायची नाही. माझ्या पर्समध्ये कायम गोळ्या-बिस्किटं. वहिनी ओरडत होती, आम्ही ऐकलं नाही. तपासनिसाने जगातलं सगळं तपासलं, पोरीचं तोंड सोडून.

मुलांच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांच्या खोलीत छतावर मासे रंगवलेत, म्हणजे खुर्चीत आडवं पडलं की मूल वर बघत राहील. मुंगीने मासे बघितले, मोजले आणि मग बाईंच्या बोटाला कडकडून चावली. नंतर तोंड असं मिटलं की दातखीळ बसली असं वाटावं. नाकावरचा मास्क लावून बघितला. त्यातला गॅस हुंगला की मूल जागंच राहतं, फक्त जरा सैल पडतं, म्हणे. मुंगीने तो मास्क भिंतीवर भिरकावला.

डॉक्टरबाई बोट चोळत म्हणाल्या, "दोन दातांच्या मुळाशी पू झालाय, हिरडी सुजलीय. ते काढायला लागतील. बाकीचे पाच वाचवता येतील. पण फार थांबू नका. माझा सल्ला विचाराल तर तिला भूल देऊन, पूर्ण झोपवून, एकदाच सगळं उरकू."

दादाचा चेहरा पडला. घरी येऊन त्याने वहीत प्रश्न लिहायला घेतले. लाइट गेली तर? सर्दी असली तर? यंत्र शेवटचं कधी तपासलं? असे एकतीस. वही टेबलावर राहिली तेव्हा मी वाचली. एकतिसावा प्रश्न पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात होता. 'उठलीच नाही तर?' वरचे तीस प्रश्न या एकाला झाकायलाच लिहिले होते. मी वही होती तशी ठेवली आणि त्या दिवशी त्याला चिडवलं नाही.

पण विचारायला जायचं सोडून साहेबांनी भलतंच ठरवलं. "भूल-बिल काही नको. मी तिला मांडीवर घट्ट धरतो. पाच मिनिटांचं तर काम."

डॉक्टरबाईंना हे पसंत नव्हतं. हिरडी बधिर करून एकच दात बघू आणि ती फार घाबरली तर तिथेच थांबू, या अटीवर त्या तयार झाल्या. दादाने मुंगीला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही हात धरले. लोखंडी दारं एका हाताने सरकवणारा माणूस तो. मुंगीने आधी लाथा झाडल्या, मग किंचाळली, आणि मग एकदम गप्प झाली. तिने मान वळवून डॉक्टरबाईंकडे नाही, त्याच्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "बाबा, सोड ना."

बाईंनी हातातलं खाली ठेवलं. दादाने हात सोडले. तिच्या मनगटांवर त्याची बोटं उमटली होती.

दात किडल्याचं कळल्यापासून सकाळी मुंगीचे दात घासायचं काम दादाने स्वतःकडे घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ती ब्रश घेऊन जिना उतरून माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशीही आली. दादा जिन्यात, मधल्या वळणावर उभा होता. पुढेही येईना आणि मागेही जाईना.

"माझ्याकडून घासूनच घेत नाहीये ती," तो म्हणाला.

"मग धर की परत घट्ट," मी म्हणाले. बोलून गेले आणि जीभ चावली. माझ्या दादाला मी आयुष्यभर छळत आलेय, पण तेव्हा मला माझीच लाज वाटली.

मग तो म्हणाला, "आज जातो विचारायला. तू पण चल." आणि वही घेऊन निघाला.

भूल देणारे डॉक्टर वेगळे असतात, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. किडकिडीत, पिकल्या केसांचे गृहस्थ. आधी त्यांनीच दादाला वीस प्रश्न विचारले. सर्दी-खोकला आहे का, झोपेत घोरते का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. आपल्याहून जास्त प्रश्न विचारणारा माणूस दादाला जन्मात पहिल्यांदा भेटला होता. तो खुश झाला आणि आपण लिफ्ट दुरुस्त करतो, हेही सांगून बसला. मग त्याची वही निघाली. लाइटच्या प्रश्नावर डॉक्टरांनी त्याला आत नेऊन बॅटऱ्या दाखवल्या. हा वाकून सगळ्या वायरी बघून आला आणि येताना करकरणाऱ्या दाराच्या बिजागरीला खिशातल्या बाटलीतलं तेलही घालून आला.

"ती झोपल्यावर तुम्ही आणखी काय काम करता?" दादाने विचारलं.

"काही नाही. दात बाई बघतील. मी फक्त तिला बघायचं. श्वास, नाडी, सगळं. ती उठेपर्यंत."

हे दादाला पटलं. मला वाटलं, आता सुटलो. तर हा म्हणतो, "ठीक आहे. मग आधी मला द्या भूल."

मी छताकडे बघितलं. तिथे मासे नव्हते.

डॉक्टर हसले नाहीत. "तुमचं वजन किती?"

"ब्याऐंशी."

"तिचं चौदा. तुम्हाला झोपवून मला तिच्याबद्दल काय कळणार? तुम्ही एका इमारतीची लिफ्ट तपासता आणि दुसऱ्या इमारतीतली माणसं वर पाठवता का?"

दादा म्हणाला, "नाही पाठवत." मग एकतिसावा प्रश्न त्याला मोठ्याने वाचवेना. त्याने वहीच पुढे केली. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून वाचलं.

"असं कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "फार फार क्वचित होतं. होऊ नये म्हणून आणि काही बिनसलंच तर तिथल्या तिथे सावरता यावं म्हणून मी तिच्या उशाशी बसलेला असतो. आणि तो पू तसाच ठेवणं, तिला धरून ठेवणं, यातही धोका आहेच. तो तुम्ही बघितलाय."

जिना उतरताना दादा मला म्हणाला, "होतच नाही म्हणाला असता, तर उठून आलो असतो." त्याने घरी जाऊन वहिनीला सगळं सांगितलं, आणि दोघांनी कागदांवर सह्या केल्या.

ठरलेल्या दिवशी मुंगीने सहा तास काही खायचं नव्हतं. नंतर नंतर तर पाणीही नाही. पोट रिकामं नसेल तर काम त्या दिवशी होणार नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. आता आमची मुंगी म्हणजे रस्त्यात भेटेल तो तिच्या हातावर काहीतरी ठेवतो. तपासनिसाने यावर उपाय काढला. आपल्या पिशवीतली लाल पाटी काढली, दोरी बांधली आणि तिच्या गळ्यात घातली. 'काम चालू आहे. हात लावू नये.' वहिनीने कपाळाला हात लावला. मुंगी मात्र अशी ऐटीत चालली की विचारू नका. तिला कुरकुर करताना बघून सवयीने माझा हात पर्सकडे गेला, तर कार्टीने मलाच पाटी दाखवली. "आत्या, हात लावू नये." दादाने तर सकाळपासून चहाही घेतला नव्हता, तिच्यासमोर कसा घ्यायचा म्हणून.

दवाखान्यात तिला घोटभर औषध पाजलं. ती सैलावली, डोळे जड झाले. सिस्टर न्यायला आली आणि म्हणाली, "झोप लागेपर्यंत आई-बाबांपैकी एकजण आत येऊ शकता. ही पाटी काढा मात्र."

दादा ताडकन उठला. त्याने पाटी लावली होती, त्यानेच काढली. मुंगीने हात पुढे केला, पाटी घेतली आणि त्याला खाली वाक म्हणून खुणावलं. तो वाकला. तिने ती त्याच्या गळ्यात घातली.

"तू बाहेर थांब," ती जड जिभेने म्हणाली. "पहिली फेरी एकटीने मारायची असते."

आणि सिस्टरच्या कडेवर मान टाकून आत गेली. रडली नाही. तेल घातलेलं दार आवाज न करता बंद झालं.

दोन तास दादा बाकावर बसला होता. गळ्यात पाटी. येणारे-जाणारे वाचत होते आणि तोंड फिरवून हसत होते. एरवी मी पहिली हसले असते. वहिनी म्हणाली, "अहो, काढा ना ती आता." तो म्हणाला, "मी नाही लावली." हात मांडीवर उपडे ठेवलेले. मी त्यातला एक धरला. त्याने धरू दिला.

बोलावलं तेव्हा मुंगी पलंगावर होती. डोळे अर्धे उघडे, गाल सुजलेले, ओठांच्या कोपऱ्यात कापूस, हाताला चिकटपट्टी. आम्हाला बघून तिने भोकाड पसरलं आणि ते ऐकून आमच्या जिवात जीव आला. दादा तिच्यासमोर जाऊन वाकला आणि तसाच वाकून राहिला. तिने दोरीला हात घातला, बोटं निसटली. वहिनी मदतीला पुढे झाली.

"थांब," दादा म्हणाला. "तिलाच काढू दे."

दुसऱ्यांदाही निसटली. तिसऱ्या खेपेला दोरी त्याच्या कानात अडकली, मग निघाली. मुंगीने पाटी पोटावर ठेवली आणि कापसाआडून म्हणाली, "ये बाबा, चालतेय."

दादा तिथेच, पलंगाच्या कडेला डोकं टेकवून रडला. मुंगीने त्याच्या केसांवर चिकटपट्टीचा हात ठेवला. दोन दिवसांनी सकाळी मुंगी ब्रश घेऊन दात घासायला येईल म्हणून मी दार उघडं ठेवलं होतं. खाली कुणी आलं नाही.