स्वतःचा ब्लॉग असलेला मुलगा

अडीच वर्षांत मी ब्लॉगवर एकोणचाळीस लेख लिहिले आणि किस्से मात्र शंभरेक जमा झाले. लेख लिहायला बसावं लागतं, किस्से आपोआप होतात. मित्र भेटले की म्हणतात, "बाकी राहू दे, तुझ्या ब्लॉगचं सांग!" वाचायला एक जण नाही, हां. ऐकायला सगळे हजर!

तर मी तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. राहायला उल्हासनगर कॅम्प एकला. दोन खोल्या आणि त्यात आई, पप्पा, धाकटा भाऊ, मी आणि माझा कॉम्प्युटर. नाद एकच, अ‍ॅडव्हेंचर गेम. मारामारी नाही, गाड्यांची रेस नाही. एखाद्या ओसाड गावात शिरायचं, सापडेल ते उचलायचं, कोडी सोडवत पुढे सरकायचं. त्यातही मोठ्या कंपन्यांचे गेम नकोत. कुठल्यातरी लांबच्या देशात दोन भाऊ घरी बसून बनवतात, ते इंडी गेम हवेत. असे गेम कसे सोडवायचे ते मी मराठीत लिहायचो. ब्लॉगला नाव दिलं होतं, 'अडकलात का?'

खरं तर अडकलो मीच होतो. वय एकोणतीस आणि लग्न ठरत नव्हतं. आमच्याकडे फ्लॅटला ब्लॉक म्हणतात. येणारं प्रत्येक स्थळ चहा पिऊन एकच विचारायचं, "मुलाचा स्वतःचा ब्लॉक आहे का?" नाही म्हटलं की बशीतली बिस्किटं तशीच ठेवून मंडळी उठायची. अशी सात स्थळांची बिस्किटं मी एकट्याने संपवली.

*

आमच्या कॅम्पात सीडी विकणारा एक सिंधी दुकानदार होता. सगळे त्याला साईं म्हणायचे. मी एकदा विचारलं, "साईं, कोई इंडी गेम है क्या?"

"इंडियन क्यूँ लेता है? इम्पोर्टेड ले ना!"

"इंडियन नहीं, इंडी. वो बाहर का ही होता है."

"बाहर का है तो इंडियन कैसे हुआ?"

दहा मिनिटं समजावलं. शेवटी साईंने माझी कीव करत काउंटरखालून एक चकचकीत डबा काढला. त्यावर सोनेरी अक्षरात 'इम्पोर्टेड' छापलेलं.

मी म्हटलं, "किधर से आया ये?"

साईंने मान मागे वळवली आणि पडद्याआड हाक मारली, "अरे, इम्पोर्टेडवाला और कितना पैक हुआ?"

*

ब्लॉगच्या तळाशी मी एक काउंटर लावला होता. किती लोक आले ते त्यात दिसायचं. रोज चार. त्यातल्या तीन वेळा मीच.

एका सोमवारी बघतो तर एकदम सदतीस! मंगळवारी एकेचाळीस. मला वाटलं, चला, महाराष्ट्र जागा झाला. लॅबमध्ये सगळ्यांना वडापाव दिला. वडापाव खाऊन झाल्यावर माझा दोस्त पाटील हळूच म्हणाला, "मीच केलंय रं ते."

हा पाटील अंबरनाथजवळच्या गावातला, आगरी गडी. माझं दुःख त्याला बघवेना, म्हणून त्याने ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर माझा ब्लॉग होमपेज करून ठेवला होता! आमच्याकडे व्होल्टेज असं होतं की कॉम्प्युटर दर तासाला बंद पडायचे आणि पुन्हा चालू केले की माझा एकेक वाचक वाढायचा.

बुधवारी मॅनेजरसाहेबांनी कॉम्प्युटर लावला. वर डिस्पॅचला उशीर, खाली गेटवर ट्रक उभा, आणि समोर स्क्रीनवर ठळक अक्षरात प्रश्न, 'अडकलात का?'

साहेब केबिनमधून ओरडले, "हो! अडकलोय! पण हे यांना कोणी सांगितलं?"

*

आता जरा आईचं सांगतो.

एका गेममध्ये मी तीन आठवडे अडकलो होतो. ओसाड खाणीजवळ एक लोखंडी फाटक, फाटकाला एक भोक, माझ्या हातात कंदील. कंदिलात तेल घातलं, वात पेटवली, भोकासमोर धरला. काही नाही. आई शेजारी बसून मेथी निवडत होती. तिने एकदाच मान वर केली.

"उजेड पडेल कसा? काच बघ केवढी काजळलीय. आधी पुसून घे!"

पहिल्याच खोलीत उचललेलं एक फडकं माझ्या झोळीत तसंच पडून होतं. ते काचेवर फिरवलं. कर्रर्र आवाज करत फाटक उघडलं! मी आनंदाने ओरडलो. आई मेथीत डोकं घालून म्हणाली, "गेममध्ये दिसेल ते उचलतोस, मग घरात स्वतःचं ताट उचलायला काय होतं?"

लेख लिहिताना मला लाज वाटली. गेममधला जाणकार म्हणून मिरवायचं मी, आणि कोडं सोडवणार आई! म्हणून मी लिहिलं, 'कंदील नीट तयार करून भोकासमोर धरा.' नीट म्हटलं की त्यात सगळं आलं, असं आपलं मला वाटलं.

*

त्या लेखाखाली ब्लॉगच्या इतिहासातली पहिली कॉमेंट आली. जशीच्या तशी सांगतो.

'महोदय, आपल्या लेखात नमूद केल्याप्रमाणे कंदील नीट तयार करून भोकासमोर धरला. तथापि फाटक उघडले नाही. तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे, ही विनंती. आपला विश्वासू, एक अडकलेला.'

मी हरखून उत्तर दिलं, 'पुन्हा करून बघा. कंदील नीट हवा.'

दोन दिवसांनी कॉमेंट. 'महोदय, आपल्या सूचनेनुसार पुन्हा केले. कंदील नीट आहे. फाटक बंद आहे.'

मग ते चालूच राहिलं. मी दुसऱ्याच गेमवर लिहिलं, तरी खाली, 'महोदय, लेख आवडला. फाटकाबाबत स्मरण करून देत आहे.' मी नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, त्याखाली, 'आपणांसही शुभेच्छा. फाटक अद्याप बंद आहे.'

पाटील म्हणाला, "ह्यो नक्की कुठंतरी फायलीत जल्म घालवलेला मानूस. त्याला सांग, फाटक उघडाया वरून सही लागते!"

आम्ही हसायचो, पण खरं सांगू? हा माणूस मला फार जवळचा वाटायचा. एकोणचाळीस लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला जगात तो एकटाच होता, आणि त्यालाच मी फाटकाबाहेर ठेवला होता.

*

मग आठवं स्थळ आलं. बदलापूरची सुजाता. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिचे वडील जाधवकाका एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून नुकतेच रिटायर झालेले. ताठ बसणारे, मोजकं बोलणारे, घरातसुद्धा खिशाला दोन पेनं लावणारे.

आम्ही त्यांच्याकडे गेलो. मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी दारातून आत दिसणाऱ्या कॉम्प्युटरकडे बघून म्हटलं, "घरातच कॉम्प्युटर, मजा आहे तुमची."

"कसली मजा? माझ्या वाट्याला येतो कुठे!" असं म्हणून ती हसली. ते हसणं मला इतकं आवडलं की तो कोणाच्या वाट्याला जातो, हे विचारायचं राहूनच गेलं.

तिकडे आत आईने ठरवलंच होतं, या वेळी मुलाची बाजू कमी पडू द्यायची नाही. काय बोलणं झालं ते मला पप्पांनी नंतर सांगितलं.

"त्याचा स्वतःचा ब्लॉग आहे बरं का!"

"स्वतःचा? अरे वा! केवढा आहे?" काकांनी विचारलं.

"तसा लहानच आहे हो. पण सुट्टीच्या दिवशी बसून वाढवतो."

"वाढवतो? परवानगी लागत नाही?"

"कोणाची? त्याचाच तर आहे!"

"भाड्याने दिलाय का?"

"छे! लोक येतात, बघतात, जातात. तो कोणाकडून एक पैसा घेत नाही."

काकांना माणूस दिलदार वाटला. म्हणाले, "मग आम्हीही एकदा बघून घेतो."

"रविवारी या की! आमच्या घरातूनच दिसतो."

मी गॅलरीतून आत आलो तेव्हा सगळे हसत होते आणि बशीत एकही बिस्कीट शिल्लक नव्हतं!

सासरा जावयाचा ब्लॉग बघायला येतोय, असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. आठवडाभर मी हवेत होतो. ब्लॉगला नवा रंगसुद्धा दिला.

रविवारी दुपारी काका आले, सोबत सुजाताचे मामा. जय भीम झाला, चहा झाला. मामांच्या हातात मोजायची टेप होती. मला वाटलं, येता येता कुठलं तरी काम असेल. मी दोन खुर्च्या कॉम्प्युटरसमोर मांडल्या आणि बटण दाबलं.

"नकाशा नंतर बघू," मामा म्हणाले. "आधी प्रत्यक्ष दाखवा."

"प्रत्यक्षच दाखवतोय मामा. उघडायला जरा वेळ लागतो."

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग!

मी म्हटलं, "लाइट आली की बघू."

"लाइट कशाला?" काका म्हणाले. "दिवसाढवळ्या बघून येऊ ना. चला, चावी घ्या."

"कसली चावी?"

"ब्लॉकची!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कसाबसा म्हणालो, "काका, ब्लॉक नाही. ब्लॉग."

"तेच म्हणतोय मी."

"नाही काका. ब्लॉकमध्ये राहतात. ब्लॉग वाचतात."

मामांच्या हातातली टेप खटकन आत गेली. पप्पा जमिनीकडे बघू लागले. आईचा चेहरा एवढासा झाला. "माझ्याच तोंडाने घोळ केला हो," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

काका उठले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि दाराकडे गेले. याआधी सात स्थळं गेली तेव्हा मी गप्प बसून बिस्किटं खाल्ली होती. या वेळी राहवलं नाही, मला सुजाता हवी होती.

"काका, ब्लॉक आज नाही. होईल, पण वेळ लागेल. खोटं मात्र आम्ही बोललो नाही."

काकांनी एका पायात चप्पल घातली. मागे न बघताच विचारलं, "काय लिहिता त्यात?"

"गेमबद्दल. खेळताना कोणी अडकलं तर पुढची वाट सांगतो."

"नाव काय त्याचं?"

"अडकलात का?"

दुसरी चप्पल तशीच राहिली. काका सावकाश वळले. मामांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खिशातली दोन्ही पेनं सरळ केली.

"महोदय," ते म्हणाले, "सात महिने झाले. कंदील नीट आहे. फाटक उघडत नाही."

मामा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काच पुसलीत का?"