यमुनाबाईंनी धुतलेली वाळू

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. निवृत्तीच्या समारंभात कंपनीचे सगळे किस्से सांगितले, हा तेवढा गिळला.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आमची गॅसची विहीर गुजरातेत आणि तिथल्या दगडाचे नमुने तपासायची लॅब मंचरला, कांद्याच्या गोडाऊनमध्ये. यामागे कुठलंही भूशास्त्र नव्हतं. गोडाऊन डायरेक्टरसाहेबांच्या मेव्हण्याचं होतं. मी तिथला जिऑलॉजिस्ट.

जमिनीखाली गॅस टाकीत भरल्यासारखा नसतो. वाळूच्या खडकात, कणांमधल्या फटींत असतो. त्या फटी म्हणजे पोरॉसिटी. वाळू साचताना जवळपास ज्वालामुखी फुटला, तर राख फटींत बसते, पुढे तिची चिकणमाती होते आणि गॅसची वाट बंद. क्वचित उलटंही घडतं. मातीचा पातळ लेप कणांवर बसतो, कण एकमेकांना चिकटत नाहीत, फटी शाबूत राहतात. साहेबांनी फक्त हे क्वचितवालं वाचलं होतं.

नमुने धुवायला यमुनाबाई होत्या. कुकडीकाठच्या गावातून एसटीने यायच्या. चाळणीत नमुना घ्यायचा, ड्रिलिंगचा चिखल गेला की थांबायचं, नाहीतर खडकातली मातीही धुऊन जाते. कुठे थांबायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळे.

एक दिवस त्या चाळणी घेऊन टेबलापाशी आल्या.

"साहेब, ह्यात पांढरं पीठ लई हाय. आमच्या नदीकाठी अशीच माती हाय, भांडी घासतो आमी तिनं."

नदीकाठची ती माती ज्वालामुखीची राख आहे, हे मला ठाऊक होतं. कॉलेजच्या सहलीत मी तिचा फोटो काढला होता.

"यमुनाबाई, जिऑलॉजिस्ट तुम्ही की मी?"

"तुमीच की. पर ह्ये समदं धुतलं तर वाळू खोटी दिसंल."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "सोमवारी पार्टनर येताहेत. वाळू स्वच्छ दिसली पाहिजे. ज्वालामुखी आपल्या बाजूने आहे!"

मी म्हणालो, "तीनदा धुवा."

त्यांनी धुतली. मायक्रोस्कोपखाली कण साखरेसारखे चमकले. मी लिहिलं, 'उत्तम पोरॉसिटी'. पार्टनरांनी टाळ्या वाजवल्या.

विहिरीची टेस्ट झाली. ज्योत पेटली, पण तिच्यावर साहेबांचा चहासुद्धा उकळला नसता. चौकशी समिती बसली. तिच्यात टाळ्या वाजवणारेच होते.

"चूक कुणाची दाखवायची?" मी साहेबांना विचारलं.

"ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याची."

मी लिहिलं, 'कामगाराने सूचनेपेक्षा जास्त वेळा नमुने धुतले.' यमुनाबाईंचं काम गेलं. 'परखड विश्लेषणा'बद्दल मला बढती मिळाली. राख कणांमध्ये कशी शिरते, हे मी पुढे ट्रेनिंगमध्ये फार छान शिकवायचो.

निवृत्तीनंतर त्यांच्या गावी गेलो. मंचरपासून एक वाक्य पाठ करत होतो. मांडणीवर भांडी लखलखत होती. यमुनाबाईंनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"साहेब, तुमी तीनदा सांगितलं व्हतं. माझ्याच हातनं चवथ्यांदा धुतलं गेलं आसंल. लई नुकसान झालं तुमचं. माफी करा."

चहा गरम होता. मी दोन घोट घेतले.

"असू द्या, यमुनाबाई," मी म्हणालो.