शंभराच्या वरचा आकडा

मांजरसुंब्याच्या चौकात अमरसिंहाच्या ढाब्यावर साखराबाई अठरा वर्षं भाकरी थापत होती. नवरा गेल्यावर ती या चुलीपाशी आली आणि इथलीच झाली. जवळच्या पाली गावातल्या खोलीवर फक्त पाठ टेकायला जायची. ट्रकवाले गाडी लावता लावता विचारत, "मावशी हाय का?" असली तरच बसत.

यंदा उन्हाळ्यात तिला दम लागू लागला. बीडच्या डॉक्टर तेजश्रींनी तपासून सांगितलं, हृदय थकलंय, रक्त नीट पुढं ढकलत नाही. चार तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत दम ओसरला. फक्त चुलीपुढून झटक्यात उठलं, की डोळ्यांपुढं अंधारी यायची. एका मंगळवारी ती तशीच उठली आणि परातीवर कलंडली.

अमरसिंहानं वडलांसाठी घेतलेलं दाब मोजायचं यंत्र आणून तिच्या दंडाला लावलं. ब्याण्णव.

"मावशे, तू जित्ती कशी?" तो हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "चुलीत पडली असतीस तर? आकडा शंभराच्या वर गेल्याबिगर इथं बसायचं न्हाई. तवर पंचशीला थापंल."

"हिची भाकरी खाल्ली तर डायवर घाटातच आडवे होतील," साखराबाई म्हणाली.

"आयकू येतंय मला, मावशी!" भांडी घासता घासता पंचशीला ओरडली.

साखराबाईला झोप लागेना. चूल सुटली तर दिवसभर करायचं काय? मेडिकलवाल्यानं तर सांगितलं होतं, या गोळ्यांनी दाब कमी होतो. आधीच कमी असलेला दाब आणखी कमी कशापायी करायचा? सकाळी तिनं गोळ्या चहाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावलं. दाब वाढावा म्हणून पंचशीला मायेनं दिवसातून तीन वेळा खारट ताक देऊ लागली, वर लोणच्याची फोड.

सहाव्या दिवशी यंत्रानं एकशे सव्वीस दाखवले. अमरसिंहानं टाळी वाजवली आणि साखराबाई दिमाखात चुलीपुढं बसली. चपलेचा पट्टा पायात रुततोय आणि दोन रात्री आपण पिठाच्या पोत्याला टेकून बसूनच काढल्यात, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दुपारी पीठ मळता मळता तिचा श्वासच पुरेना. अमरसिंहानं तिला जीपमध्ये घातलं, पंचशीला हात न धुताच शेजारी बसली.

बीडला डॉक्टर तेजश्रींनी तिच्या सुजलेल्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला.

"गोळ्या घेताय ना, आजी?"

"दाब लई कमी हुता बाई, म्हनून बंद केल्या."

डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या. "भरलेला ट्रक तुमचा घाट चढताना कसा कण्हतो? तुमच्या हृदयाचं तसंच झालंय. दाब वाढला की त्याचा चढ वाढतो. गोळ्यांनी मी चढ कमी केला होता, तुम्ही तो परत उभा केलात. वर मिठानं अंगात पाणी भरलं."

"मंग चक्कर?"

"ती आली की मला सांगायचं. गोळी मी बदलेन, तुम्ही नाही."

पाच दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी दाब बसवून मोजला, उभं करून मोजला. एक गोळी सकाळची काढून रात्रीला नेली. आकडा नव्वदीत राहिला तरी तुमच्यासाठी ठीक, म्हणाल्या. मात्र उठायची घाई नको.

महिन्यानं ती ढाब्यावर आली. अमरसिंहानं तिच्यासाठी चुलीशेजारी लाकडी खांब रोवला होता. यंत्र लावलं, शहाण्णव. ताकात घालायला त्याचा हात मिठाच्या बरणीकडं गेला.

"ठेव ते."

"पन मावशे, शंभर..."

"शंभर तुज्या बापाला लागत्यात. मला न्हाई."

पंचशीला फिदकन हसली. साखराबाईनं शेवटची भाकरी निखाऱ्याला लावली, खांबाला हात घातला आणि पाय पसरून बसून राहिली. तिकडून ड्रायव्हर ओरडला, "मावशी, आना की लवकर!"

"फुगू दे की रे," ती म्हणाली. भाकरी टम्म फुगली, तेव्हा ती सावकाश उठली.