अक्काचे नवे नॉक

"लय घट्ट बसतोय हा. कुठल्या दुकानातनं आणलास?"

कुरकुर अगदी माझ्या उजव्या कानाशी होते, श्वास लागावा इतक्या जवळ. मी डोळे मिटून पडले आहे, पण झोपलेली नाही. दुपारची झोप माझ्याकडे अशीच येते. दारात चपला काढत उभी राहते आणि आत यायचं की नाही ते ठरवत नाही. पंखा ऐकू येतोय. ओसरीवर भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, विळ्या-कोयते राखेने घासतायत, तेही ऐकू येतंय. उद्या खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं उद्या पाटावर बसणार.

"दुकानातनं नाही, पार्सलने आलेत," मी म्हणते.

"तरीच. हातात धरून बघितले नाहीस."

हा आवाज ऐकून मी खरं तर दचकायला हवं. माझी थोरली जाऊ इंदुमती, आमच्या सगळ्यांची अक्का, गेल्या वर्षी भाद्रपदात गेली. महिन्यापूर्वी तिचं वर्षश्राद्ध झालं, वडे मीच तळले. पण मला वाटतं ते एवढंच, की बाईने वर्षभराने तोंड दाखवलं तेही नावं ठेवत.

डोळे उघडते. अक्का चटईवर मांडी घालून बसली आहे. आकाशी लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, डाव्या हाताला दोरीचा फटका लागू नये म्हणून बांधायचा तो कातडी पट्टा. समोर तिचे सहा बाण आणि मी सकाळी फोडलेलं पार्सल.

धनुष्य कधी हातात धरलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाणाच्या मागच्या टोकाला नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, त्याला खाच असते. ती खाच दोरीवर चढते. त्याला म्हणतात नॉक. बाण कितीही महागाचा असू दे, दोरीशी त्याची गाठभेट तेवढ्या खाचेतच. आमचे जुने नॉक थेट बाणाच्या नळीत बसायचे. हे नवे दोन तुकड्यांचे आहेत: आधी नळीत धातूची बारीक पिन बसवायची, मग पिनेवर नॉक. मागून दुसरा बाण येऊन आदळला तर नॉक फुटेल, फार तर पिन वाकेल, बाण चिरणार नाही. मी हे अक्कासाठी मागवले होते. ती गेल्यावर चौथ्या दिवशी दारात पार्सलवाला उभा. "इंदुमती पवार कोण? सही हवी." मीच केली.

"पिन नीट तापवून बसव," अक्का म्हणते. "तशीच ढकलतीयेस. गोंद धरणार नाही."

आणि आम्ही स्वयंपाकघरात आहोत. गॅस बारीक केलेला. ती चिमट्यात पिन धरून आचेवर फिरवते आहे, पापड भाजावा तशी. आमची सगळी धनुर्विद्या अशी स्वयंपाकघरातून गेलेली. बाणाचं चुरगळलेलं पीस भाताच्या वाफेवर सरळ करायचं. दोरीला मेण घासायचं ते पणतीशेजारी ऊब देऊन. शिकवायला कोण होतं? माझ्या मुलीला गुरांच्या दवाखान्यामागच्या मैदानावर तिरंदाजीला घातलं, ती महिन्याभरात कंटाळली, आणि तिला सोडायला जाणाऱ्या आम्ही दोघी जावा तिथेच राहिलो. मी सेहेचाळीसची, अक्का त्रेपन्नची. बाकीचं मोबाइलवर बघून बघून. वीस वर्षं मी तिला "अहो अक्का" म्हणत होते. मैदानावर पहिल्याच आठवड्यात ओरडले, "अक्का, कोपर वर घे गं!" ते "अहो" पुन्हा घरी आलंच नाही. सासूबाई चार दिवस गप्प होत्या.

"तुझा रंग बघ कसला झालाय," अक्का म्हणते. "नेम धरतीस का नाही?"

"नाही."

"का?"

"वेळ होत नाही."

"वेळ होत नाही म्हणे. दुपारी घोरायला होतो."

ती गॅसकडे वळते आणि मला तिची पाठ दिसते. वेणी पाठीवर आहे, पण ती तिची वेणी नाही. अक्काची वेणी घट्ट असायची, एकसारखी, केस ओढून डोळे तिरके व्हावेत अशी. ही ढिली आहे. एक पेड जाड, दोन बारीक. टोकाला रबर नाही, दोरीच्या मधोमध गुंडाळतात तो लाल दोरा, आणि तो बांधलाय पोत्याचं तोंड बांधावं तसा.

"वेणी कोणी घातली ही? देवाघरी आरसा नाही वाटतं."

"तू नॉक बघ," ती म्हणते. चटकन म्हणते.

मैदान. गॅस विझवल्याचं आठवत नाही, पण पायाखाली मैदान आहे. दवाखान्याच्या भिंतीपलीकडे कुणाची तरी म्हैस हंबरतेय. तीस मीटरवर टारगेट, त्याचा पिवळा मध्य पोळीएवढा मोठा दिसतोय. अक्का बाण दोरीवर चढवते. कट्. नॉक बसल्याचा तो बारीकसा आवाज. वर्षभरात मी तो ऐकलेला नाही. दाराची कडी लागली तरी मान वळवून बघते, इतका तो आवाज मला हवा होता.

"ऐकलंस?" मी म्हणते.

"ऐकलं. बसायला सगळेच बसतात, पमे. सुटतो कसा ते बघायचं."

ती दोरी ओढते. नाक, ओठ, हनुवटी, दोरी जिथे टेकायची तिथे टेकते. हात स्थिर आहे. दगडासारखा. बाण गेलेला दिसत नाही, थेट पिवळ्यात उभा राहिलेला दिसतो.

"बघ!" मी टाळ्या वाजवते. "बघ, म्हणजे जुने नॉकच खराब होते!"

अक्का धनुष्य खाली घेते आणि माझ्याकडे बघते. मी मीठ विसरलेली आमटी वाढली की बघायची तशी.

आणि मैदान लांबत जातं. गवताच्या जागी फरशी येते, पांढरी, फिनेलच्या वासाची. दोन्ही बाजूंना बाकडी. टारगेट आता कॉरिडॉरच्या टोकाला, त्या खोलीच्या दारावर लावलेलं आहे. मला हे दार माहीत आहे. त्याच्या आत गेल्या वर्षी श्रावणात एक तरुण डॉक्टर चष्मा पुसत बसला होता आणि त्याने आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं होतं, "हाताचं हे कधीपासून?"

भाऊजी फरशीकडे बघत होते. माझा नवरा पंख्याकडे. अक्का स्वतःच्या उजव्या हाताकडे, जणू तो शेजारणीने सांभाळायला दिलाय. तेव्हा मी बोलले. घरात बोलकी मीच. म्हणाले, "पंधरा दिवस झाले असतील."

"कधीपासून?" अक्का विचारते. ती बाकड्यावर बसली आहे, धनुष्य मांडीवर आडवं.

"अक्का, इथं नको. मैदानावर चल."

"मैदानच आहे हे. कधीपासून, पमे?"

माझ्या हातात नॉकची पुडी आहे. पिवळे, मग लाल, मग हिरवे. गुढीपाडव्यानंतर चार दिवसांनी तिचा बाण ओढायच्या आधीच दोरीवरून खाली पडला होता. मी उचलून दिला आणि म्हणाले, "नॉक सैल आहे गं." बस, एवढंच. पण घराला तो शब्द मिळाला. बाण भरकटला, नॉक. पुढे तिची बोटं दोरीवरून उघडेनात, तेव्हा नॉक घट्ट. आधी सैल म्हणून बदलले, मग घट्ट म्हणून बदलले. जेवताना भाऊजी विचारायचे, "आले का नवे नॉक?" आणि सगळ्यांच्या घशाखाली घास उतरायचा. अशी चूक फक्त आमच्यासारखीच माणसं करू जाणोत. दुसऱ्या घरी माणसाला तपासलं असतं, आम्ही बाण तपासले.

"पाडव्यापासून," मी म्हणते. "मैदानावर बाण पडायच्या आधीपासून. पुऱ्या लाटताना तुझं लाटणं पडलं. तू पदराला पुसलंस आणि डाव्या हाताने लाटायला लागलीस. म्हणालीस, डाव्या हाताची फुगते का बघू."

"फुगली होती."

"फुगली होती. आणि आपण हसलो. पण मी बघितलं होतं, अक्का. हात कसा थरथरला ते. मी बघितलं आणि म्हणाले नॉक."

आता ती म्हणेल की असू दे गं, मलाही ठाऊक होतं, तुझा दोष नाही. मी वाट बघते. स्वप्नातली माणसं आपलंच मीठ खातात, आपल्या बाजूने बोलायला त्यांचं काय जातं? पण ही अक्का. हिने माझ्या लग्नातल्या साडीलासुद्धा चांगलं म्हटलं नव्हतं.

ती उठते. उजव्या हातात धनुष्य आडवं धरते आणि एक बाण दोरीला लटकवते, टोक खाली. नॉक दोरीला धरून आहे, बाण हवेत हळूहळू फिरतोय. ही आमची परीक्षा. दोरीवर बोटाने टिचकी मारायची. टिचकीआधीच बाण पडला तर नॉक सैल. तीन टिचक्यांनी पडला नाही तर घट्ट. एका टिचकीला पडला तर बरोबर.

"मार," अक्का म्हणते.

"थांब की जरा."

"वर्षभर थांबलीयेस. पार्सल कपाटात, धनुष्य खुंटीला. मार टिचकी."

"मारली तर तू जाशील."

"मी गेलेली बाई आहे, पमे," ती म्हणते, आणि पहिल्यांदाच थोडी हसते. "धनुष्य धरून माझा हात भरून आला. किती वेळ उभं करतीस?"

खरंच, हात थरथरायला लागला आहे. तोच उजवा हात. बाण लटकत थरथरतो, त्याची सावली फरशीवर थरथरते. मी म्हणू शकते, नॉकमुळे. जिभेवर आलंय.

मी तिला धरायला जाते. खांद्याला हात लागतो, मग वेणीला, ती ढिली वेणी माझ्या मुठीत येते, खोबरेल तेलाचा वास येतो, खरा, आणि दुसऱ्या हाताने मी टिचकी मारते.

बाण पडल्याचा आवाज होतो.

चटई. पंखा. उन्हाचा पट्टा मघाशी पायाशी होता तो आता भिंतीवर चढलाय. सहाही बाण ओळीने, त्यातल्या पाचांना नवे नॉक बसवलेले, सहाव्याची पिन अजून कागदात. दाराशी भाऊजींचा कोयता पडलाय, आवाज त्याचाच असणार. अक्काचा भाता माझ्या उशाशी उघडा आहे. त्याचा लहान कप्पा मी वर्षभरात उघडला नव्हता. झोपेत मीच उघडला असेल, दुसरं कोण उघडणार?

माझी मूठ वळलेली आहे. बोटं उघडते तर आत लाल दोरा. दोरीला गुंडाळायचा तोच, पण वेढा करून बांधलेला, पोत्याचं तोंड बांधावं तसा. वेढ्यात एक लांब केस अडकलाय, अर्धा काळा, अर्धा पांढरा.

भाऊजी कोयता उचलायला वाकतात आणि वाकलेलेच राहतात. आम्ही दोघं एकमेकांशी फार बोलत नाही. आमच्यात दीर-भावजयींचं बोलणं भिंतीला सांगितल्यासारखं असतं. ते बाजार समितीच्या गोदामात तीस वर्षं पोती बांधत होते.

"झाले का नॉक?" ते बाणांकडे बघत विचारतात. "तिचे बाण त्या नॉकपायीच वाया गेले. उद्या पूजेला तरी नीट असू देत. मग मैदानावरच्या पोरांना द्यायचंच आहे सगळं."

नेहमीचं आहे. मी नेहमी म्हणते, "होय भाऊजी." दोन शब्दांत हे घर वर्षभर चाललंय.

"नॉक चांगले होते, भाऊजी," मी म्हणते. "सगळे. पिवळेसुद्धा. अक्काचा हात गेला होता. मी पाडव्यालाच बघितलं होतं, आणि डॉक्टरला खोटं सांगितलं."

कोयत्यावरची राख ते बोटाने पुसतात. एकदा. पुन्हा एकदा. मग उंबऱ्यावरच खाली बसतात, आणि माझ्या तळहाताकडे बघतात.

"तो दोरा इकडे दे," ते म्हणतात.

मी देते. ते बांधलेल्या जागेवरून अंगठा फिरवतात. केस काढत नाहीत.

"पाडव्याला नाही," भाऊजी म्हणतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलतात. "माघापासून. तिची वेणी मी घालत होतो, प्रमिला. तिला जमत नव्हती."