आबांच्या दातांतली फट

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको.

आमची मेंढरं आहेत. पुण्याजवळ रिह्याच्या खोऱ्यात भात कापून झालं की माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, लोकांच्या खाचरांत मेंढरं बसवतात. लेंड्यांचं खत शेताला मिळतं आणि मेंढरांना चारा. मी मात्र हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करते. माझं लग्न ऑफिसातल्याच एका मुलाशी ठरत होतं आणि रविवारी त्याच्या घरची मंडळी पहिल्यांदा आमच्याकडे येणार होती. सगळी पुण्यातली, साफसूफ, हळू बोलणारी माणसं. आणि मला लाज वाटत होती ती आबांच्या दातांची. लिहितानासुद्धा तोंड कडू होतंय, पण वाटत होती हे खरं.

त्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली रुंद फट होती. फटीच्या दोन्ही कडांना कीड लागून काळं झालं होतं. शिवाय मागची एक दाढ ठणकायची, त्यावर ते लवंग दाबून दिवस काढायचे. त्या दाढेचं निमित्त करून मी त्यांना स्कूटरवर घातलं आणि माझ्या ऑफिसजवळच्या दाताच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी ‘आ करा’ म्हटल्यावर आबा म्हणाले, “जलमभर मेंढरांचं दात बघून वय सांगितलं. आज माजी पाळी आली व्हय?”

“मग माझं सांगा ना,” डॉक्टर हसून म्हणाल्या.

आबांनी खरंच निरखून पाहिलं. “तुमी अजून दोनदातीच हाय,” म्हणाले. म्हणजे अजून कोवळ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण डॉक्टर खूश.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. दाढेत चांदी भरता येते, ती काळपट दिसते पण चावायला दणकट. दाताच्या रंगाचं पांढरं भरता येतं, त्याला दात अगदी कोरडा ठेवून थरावर थर द्यावे लागतात. आणि तिसरं सिमेंट, ते झटकन होतं पण लवकर झिजतं.

“दाढंला चांदीच भरा,” आबा म्हणाले. “आत कोण बघायला येतंय? मला भाकरी चावायची हाय.”

दाढ झाली. पुढच्या दातांना पांढरंच लागणार होतं, त्यात वाद नव्हता. पण डॉक्टरांनी विचारलं, “नुसते खड्डे भरू, की त्यातच फटही बंद करून टाकू?”

आबांच्या तोंडात कापसाचे बोळे आणि लाळ ओढायची नळी. त्यांनी हात वर केला आणि जोरजोरात हलवला.

“बंदच करा,” मी म्हणाले. डॉक्टर थांबल्या, आबांकडे बघत राहिल्या. तेव्हा मी काय करावं? आबांपुढे हात जोडले. “आबा, प्लीज. माझ्यासाठी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

निळा लाईट लावून तासाभरात काम झालं. आरशात पाहून आबांनी तोंडावर हात धरला. “म्हातारं जनावर तरणं करून बाजारात काढलंस व्हय गं?” मी घरापर्यंत हसत होते. मूर्ख कुठली!

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी भरदुपारी आईचा फोन आला. मेंढरं नांदे गावाकडच्या एका शेतात हलवायची होती. मध्ये रस्ता, आणि त्या रस्त्याला आता गाड्यांना खंड नसतो. आबा मेंढरांना काठीने वळवत नाहीत, शिळेने वळवतात. बोटं न लावता, जीभ त्या फटीमागे लावून. एक लांब शीळ म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे रस्ता सोडा. आमची मेंढरं जन्मापासून तेवढंच ओळखतात. लहानपणी आम्ही भावंडंसुद्धा त्याच शिळेवर घरी यायचो. अन् हे मला त्या खुर्चीपाशी आठवलं नाही!

कळप रस्त्याच्या मधोमध होता, समोरून गाडी आली. आबांनी शीळ घातली तर तोंडातून नुसती हवा. मेंढरं पांगली. कळपापुढे चालणाऱ्या म्होरकीला गाडीचा धक्का बसून तिचा मागचा पाय मोडला.

“तुजं आबा तुला सांगू नको म्हणत हुतं,” आई म्हणाली. “पोरीनं हौसेनं केलंय, ऱ्हाऊ दे म्हणत्यात.”

मी तशीच निघाले. आबा म्होरकीपाशी बसले होते. पायाला बांबूच्या कामट्या बांधून झाल्या होत्या.

“चला,” मी म्हणाले.

“कुटं?”

“डॉक्टरांकडं. फट मोकळी करायला.”

“आगं, रविवारी पाव्हणं यायचं हायेत. मागनं बघू की.”

“आबा, उठा म्हणते ना!” मी ओरडलेच. राग माझा माझ्यावरच होता, पण निघाला त्यांच्यावर.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. किडीचे खड्डे भरलेले राहतील, मधलं तेवढं काढता येईल, म्हणाल्या. आणि किती काढू, म्हणून सवयीने माझ्याकडे पाहिलं.

“त्यांना विचारा,” मी म्हणाले.

पातळ पट्टीने थोडं घासलं की त्या म्हणायच्या, “आता घाला शीळ.” पहिल्यांदा नुसतं फुस्स झालं. दुसऱ्यांदा आवाज आला, पण फाटका. आबांनी मान हलवली. “अजून सुतभर.” तिसऱ्यांदा अशी काही शीळ घुमली की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

परत येताना खाचराशी आबांनी स्कूटर थांबवायला लावली. बांधावर उभे राहून त्यांनी एक लांब शीळ घातली. चरणाऱ्या सगळ्या माना एकदम वर आल्या. झाडाखाली बांधलेली म्होरकीही कामट्यांच्या पायावर उठायला धडपडली.

“बस गं बाई, बस. तू नको उटू,” आबा तिला लांबूनच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “रविवारची काळजी करू नको. तुज्या पाव्हण्यांम्होरं मी तोंड मिटून बसन. फट दिसायची न्हाई.”

“तोंड मिटायचं न्हाई, आबा,” मी म्हणाले.